पिवळ्या पाटीची गाडी

आमच्या नव्या इमारतीत गाडी लावायची एक जागा माझ्या नावावर आहे. माझ्याकडे गाडी नाही. कधी नव्हती. जागा कुंपणाच्या भिंतीला लागून, उघड्यावर आहे आणि तिथे सध्या काही दगड ठेवलेले आहेत. पाटे, वरवंटे, एक रगडा, एक जातं. गाडीच्या जागेत गाडीखेरीज काही ठेवता येत नाही असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनदा लेखी कळवलं आहे. दोन्ही वेळा मी सही करून पत्र घेतलं आणि वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं.

हे दगड ज्याने सांभाळले तो अंता घाग आता नाही. त्याच्याविषयी काही लिहावं असं इमारतीत दुसऱ्या कुणाला वाटेल असा संभव दिसत नाही. म्हणून मी लिहितो आहे.

वर्तकनगरला याच जागेवर आमची जुनी इमारत होती. चार मजले, लिफ्ट नाही, जिन्यात कायम कुणाच्या तरी फोडणीचा वास. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. अंता तळमजल्यावर. अंगाने आखूड आणि रुंद, मान जवळजवळ नाहीच. मूळचा चिपळूणकडचा. त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा होता, कारण गाडी चालवताना तो हात खिडकीबाहेर असे. शर्ट काढून पंख्याखाली बसला की दोन वेगळ्या माणसांचे हात एका धडाला लावल्यासारखे दिसत. "हा हात कमावता," तो उजवा दाखवून म्हणे, "आणि हा घरजावई."

आधी तो एका रंगाच्या कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी रिक्षा घेतल्या. अंताने पिकअप घ्यायची ठरवली, आणि तीही वापरलेली. नवी परवडत नव्हती हे खरं कारण. पण तो ते तसं सांगत नसे. "नव्या गाडीने अजून कुणाचं काही बघितलेलं नसतं सर. तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

गाडी बघायला जाताना त्याने मला बरोबर घेतलं. "कागद तुम्ही वाचा. गाडी मी वाचतो." विकणारा माणूस कल्याणला खडकपाड्याच्या पुढे राहत होता. भाजी वाहायचा, पण पाठ गेली म्हणून धंदा सोडत होता. चक्कर मारून बघा म्हणत त्याने किल्ली पुढे केली. अंताने ती त्यालाच परत दिली, मला पुढे बसवलं आणि स्वतः फाळक्यावरून चढून मागच्या हौद्यात मांडी घालून बसला.

"अहो, मागे काय बसता? पुढे या की."

"पुढनं सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात," अंता म्हणाला. "तू चालव. गाडी मागनं कळते."

त्या माणसाने आम्हाला खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणलं. अंता धुळीने पांढरा होऊन उतरला. इंजिनात त्याने डोकावलंसुद्धा नाही. दारात त्या माणसाची बायको उभी होती. तिला त्याने विचारलं, "वहिनी, गाडी चालली म्हणून वाईट वाटतंय का?"

"वाईट कसलं? जाऊ दे एकदाची. हिच्यापायी ह्यांची पाठ गेली," असं म्हणत ती आत गेली आणि हळदकुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आली. गाडीच्या कपाळाला कुंकू लावताना तिने आमच्याकडे बघितलं नाही.

"घेतली," अंता म्हणाला.

केबिनच्या वर, काचेच्या माथ्यावर, लाल आणि पिवळ्या अक्षरांत दोन नावं होती. रोहन आणि सायली. त्या माणसाची मुलं. पुढे कळव्याच्या पेंटरकडे गाडी नेली तेव्हा पेंटर पत्रा घासायला घेणार, एवढ्यात अंताने त्याचा हात धरला.

"नावं राहू दे."

"काका, दुसऱ्याची पोरं आहेत ती. तुमची घाला की."

"आमची असती तर घातली असती. जित्या पोरांची नावं खरवडू नयेत. बाकीचं कर."

तेव्हापासून इमारतीत त्या गाडीला रोहन-सायलीच म्हणत. "रोहन-सायली खाली उभी आहे का बघ रे," असं बायका गॅलरीतून ओरडत. अंताची बायको, सुमनवहिनी, सुरुवातीला हे नाव तोंडी घेत नसत. मग त्याही म्हणू लागल्या. "आमची पोरं आज भिवंडीला गेलीत," असं एकदा त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

गाडीत खोडी पुष्कळ होत्या. डावं दार आतून उघडत नसे. त्यामुळे शेजारी बसलेल्याला उतरवण्यासाठी अंताला स्वतः उतरून, पुढून वळसा घालून यावं लागे. दार उघडून तो किंचित वाकायचा. "उतरा मंत्रीसाहेब." पावसाळ्यात तिसरा गिअर पडायचा नाही, तेव्हा दुसऱ्यातून थेट चौथ्यात जायचं. पायांशी इंजिनाची धग अशी लागे की मे महिन्यात चपला ओल्या करून बसावं लागे. सगळ्यात मोठी खोड मात्र या जातीच्या सगळ्याच गाड्यांना असते असं तो सांगे. ओझ्यासाठी बनवलेल्या असल्यामुळे मागच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, कडक. हौदा रिकामा असला की साध्या गतिरोधकावरसुद्धा गाडी मागून उडते, आतल्या माणसाचं डोकं टपाला लागतं. "रिकामी असली की उड्या मारते आणि भरली की शहाणी होते," अंता म्हणायचा. "तिचा दोष नाही. रिकामं माणूस तरी कुठे सरळ चालतं?"

ज्याच्या घरी पिकअप असते त्याला शेजारी फार असतात. कुणाचा फ्रीज दुरुस्तीला, कुणाच्या मुलीचं कपाट सासरी, कुणाच्या गच्चीतला राडारोडा, शाळेच्या संमेलनाचे पडदे. अंता आपली धंद्याची भाडी सांभाळून हे सगळं करायचा. इमारतीतल्या माणसाकडून भाडं घ्यायचं नाही असा त्याचा नियम होता, आणि तो नियम इमारतीला फार आवडत असे. चहा मात्र तो मागून घ्यायचा, आणि बशीतून प्यायचा.

वर्षातून एकदा गाडी पासिंगला न्यावी लागे. आदल्या दिवशी तो तिला दिवसभर धुवायचा, दिव्यांच्या काचा पुसायचा, नंबरच्या पिवळ्या पाटीवरून रॉकेलचा बोळा फिरवायचा. दमून पायरीवर बसला की म्हणायचा, "हिची बरी दरवर्षी तपासणी होते. मला कोण विचारतंय?" आम्ही हसायचो.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. आमच्याकडे आता हे सगळीकडेच चाललं आहे. अंगणात खुर्च्या मांडून सभा झाली. सेक्रेटरी दळवी सगळं समजावून सांगत होते. दळवी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. आवाज कधी चढवत नसत. लोकांनी विचारायचं ते विचारलं. खोल्या केवढ्या, लिफ्ट किती, देवघर कोणत्या दिशेला. अंता मागे भिंतीला टेकून उभा होता. सगळ्यांचं झाल्यावर त्याने हात वर केला.

"माझं एकच विचारणं आहे. गाडी कुठे राहणार?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "अंताकाका, तुम्ही कुठे राहणार ते विचारा आधी."

"मी राहीन रे कुठेपण. ती कुठे राहणार?"

दळवीही हसले. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "काका, नव्या बिल्डिंगमध्ये गाडीची एकच जागा निघाली तरी ती तुमच्या गाडीची. सगळ्यांसमोर सांगतो. काय मंडळी?"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अंता लाजून खाली बघत होता. त्या क्षणी दळवींच्या मनात खोटं काही असेल असं मला आजही वाटत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही नव्हतं. पण अंता हे वाक्य घरी घेऊन गेला आणि बाकीच्यांनी ते अंगणात सोडलं.

तो सबंध उन्हाळा अंताने इमारत वाहिली. लोक भाड्याच्या घरांत पांगले. कुणी कळव्याला, कुणी डोंबिवलीला, स्वतः अंता विठ्ठलवाडीला स्टेशनापलीकडच्या एका चाळीत. घरामागून घर त्याने हलवलं. फ्रीज उभाच न्यायचा, कपाट गादीवर निजवायचं, तुळस फाळक्याला दोरीने बांधायची. आणि एक नियम. "देव पुढे, सामान मागे, माणसं जमेल तिथे." प्रत्येक घरचा देव्हारा केबिनमध्ये, शेजारच्या सीटवर बसे, आणि अंता त्याला पट्टा लावायचा. दळवींची स्वतःची मोटार होती. त्यांच्या पत्नी देव डिकीत ठेवू लागल्या तेव्हा अंता पुढे झाला. "डिकीत देव? द्या इकडे." दळवी मंडळी मोटारीतून पुढे गेली आणि त्यांचे देव पट्टा लावून रोहन-सायलीतून डोंबिवलीला गेले.

माझी पुस्तकं कळव्याला नेली तेव्हा अंता सबंध वाट खुशीत होता. "सर, तुमचं सामान गाडीला मानवलं. इतकी शहाण्यासारखी ती आजवर चालली नव्हती. ह्यातली निम्मी कायमची मागे ठेवून द्या ना."

पुस्तकं मी दिली नाहीत. पण मागे कायमचं ओझं त्याला मिळालं.

ते असं झालं. पहिल्या मजल्यावर साठेआजी होत्या. त्यांचा मुलगा डोंबिवलीला भाड्याच्या घरात जायला निघाला तेव्हा स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा उरला. नव्या जागी ठेवायला कोपरा नव्हता. मुलगा म्हणाला, राहू दे इथेच. आजी पाट्याशेजारी खाली बसल्या.

"तीन पोरांची पाचवी पुजली आहे ह्याच्यावर. तुझी पण. इथे सोडू? बुलडोझरखाली?"

मुलगा घड्याळ बघत होता. अंताने पाटा उचलून खांद्यावर घेतला. "आजी, माझ्या गाडीत राहू दे. नव्या घरात आलात की उतरवून देतो."

हे बाकीच्यांनी बघितलं. मग जो तो आपला पाटा, वरवंटा, रगडा, जातं घेऊन खाली येऊ लागला. "अंताकाका, आमचा पण. परत आल्यावर घेऊ." ज्याच्यावर पाचवी पुजली, ज्या वरवंट्याला कुंची घालून बारशाला पाळण्याभोवती फिरवलं, तो दगड कुणाला टाकवत नव्हता आणि ठेवायचाही नव्हता. टाकला असं म्हणावं लागू नये एवढीच सोय हवी होती. ती अंताच्या हौद्यात झाली. त्याला मात्र सगळे खरंच ठेव ठेवून गेल्यासारखे वाटत होते. त्याने हौद्याच्या तळाला पोती अंथरली, दगड ओळीने लावले, घसरू नयेत म्हणून मधे टायरचे तुकडे कोंबले. कुणाचा कुठला ते त्याला न लिहिता पाठ होतं.

माझी पत्नी इमारत रिकामी होण्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. तिचा पाटा मी कळव्याला नेणार होतो. अंताने तो माझ्या हातून घेतला. "वहिनींचा इथे सगळ्यांत राहू दे सर. तिकडे एकटा कशाला?"

दगडांनी डिझेल जास्त जाई आणि टायर लवकर झिजत. विठ्ठलवाडीचा गॅरेजवाला त्याला म्हणायचा, "काका, दगड फिरवायला गाडी घेतली का? उतरवा ते." अंता म्हणायचा, "गिऱ्हाइकांचे आहेत. आणि बघ, उडायची थांबली की नाही?"

पहिल्या पावसाळ्यानंतर साठेआजींनी त्याला निरोप पाठवला. आपलं घर कुठवर आलं ते एकदा बघायचं आहे. मुलाला सवड नव्हती. अंता डोंबिवलीला गेला, त्यांना देवांच्या जागेवर बसवलं, पट्टा लावला, वाटेत कळव्याला मला घेतलं. मी हौद्यात दगडांशेजारी बसून आलो. म्हणजे गाडी मागून कशी कळते ते मला तेव्हा कळलं. कंबर धरून मी उतरलो.

वर्तकनगरला पत्र्याच्या कुंपणाआड मोठा खड्डा होता. खाली हिरवं पाणी, वर क्रेन. आजी पत्र्याच्या फटीतून बराच वेळ बघत राहिल्या.

"माझं स्वयंपाकघर कुठे होतं रे अंता?"

अंताने बोट वर केलं. "तो हूक लोंबतोय ना आजी, त्याच्या जरा खाली. डावीकडे."

आजींनी हवेत बघितलं. "एवढ्या उंच राहत होतो?"

"खाली खड्डा आहे म्हणून तसं वाटतं."

परतताना त्यांनी मागच्या काचेतून आपला पाटा बघून घेतला. इमारत उभी राहायच्या आत त्या डोंबिवलीतच गेल्या. अंता मला म्हणाला, "आजींचा पाटा आहे अजून. मुलाला देऊ. त्याची पाचवी झालीय त्याच्यावर."

इमारत झाली. ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला, पण झाली. चोवीस मजले. किल्ल्या मिळायच्या दिवशी अंता दळवींना विचारायला गेला. सुरुवात कळव्याकडून करू की डोंबिवलीकडून?

दळवी म्हणाले, "काका, तुम्हाला आता त्रास नाही. बिल्डरने सगळ्यांसाठी एकाच पॅकर्सचं ठरवलंय. लिफ्ट नवीन आहेत, भिंतींना ओरखडे नकोत. त्यांची माणसं ट्रेनिंग घेतलेली असतात."

"बरं झालं," अंता म्हणाला. "माझी कंबर वाचली." हे तो मला सांगताना हसला, आणि मग उजव्या हाताकडे बघत राहिला.

तो स्वतःचं सामान मात्र स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. पुढच्या सीटवर देव, देवांना पट्टा, सुमनवहिनी हौद्यात. फाटकावरचा पहारेकरी नवा होता. "टेम्पो मागच्या गेटला. इकडून मेंबर लोकांच्या गाड्या."

"मी मेंबर आहे."

"तुम्ही असाल. टेम्पो नाही."

सुमनवहिनी उतरल्या. त्यांनी बाहेरून डावं दार उघडलं, देव्हारा डोक्यावर घेतला आणि पुढच्या फाटकातून चालत आत गेल्या. अंता गाडी मागे वळवून कचऱ्याच्या गेटकडे गेला.

गाडीच्या जागांच्या चिठ्ठ्या निघाल्या. अंताला गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यांत्रिक पाळण्यातली वरची जागा आली. त्यात पिकअप उंचीने मावत नव्हती. मला ही भिंतीकडची उघडी जागा आली. मी दळवींना सांगितलं, मला गाडी नाही. माझी जागा अंताला द्या, तिथे उंचीचा प्रश्न नाही.

"सर, उंचीचा प्रश्न नाहीच," दळवी शांतपणे म्हणाले. "पिवळी पाटी. धंद्याची गाडी आवारात घ्यायची नाही असं कमिटीने ठरवलंय. एकाला सोडली की उद्या दहा टेम्पो येतील. आणि तुमची जागा तुमच्या गाडीसाठी आहे. तुमच्याकडे गाडी नाही ही वेगळी गोष्ट."

"तुम्ही त्याला शब्द दिला होता. सगळ्यांसमोर."

"सर, तेव्हा इमारत नव्हती. बोलण्याच्या ओघात माणूस बोलतो." त्यांनी चष्मा पुसला. "आणि खरं सांगू? तुम्ही वाचणारे आहात, तुम्हाला नाही कळायचं. घरांचे भाव फाटकावरून ठरतात. फाटकात खटारा उभा असला की—" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सभेत मी पुन्हा विषय काढला. ज्यांच्या घरचे देव त्या खटाऱ्यातून गेले होते ते सगळे समोर बसले होते. कुणी विरोधात बोललं नाही. कुणीच बोललं नाही. एकाने विचारलं, जिम कधी सुरू होणार.

अंता सभेला आला नव्हता. त्याला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दळवींचं पण बरोबर असेल. नियम म्हणजे नियम." मग थोड्या वेळाने, "टाळ्या तुम्ही पण ऐकलेल्या ना सर? मला वाटलं, मलाच ऐकू आल्या."

गाडी तो नाल्याकडच्या रस्त्यावर लावू लागला. एकदा बॅटरी गेली. एकदा वाहतूकवाले गाडी उचलून घेऊन गेले आणि ती सोडवायला तो दिवसभर हिंडला. घरात तो बसत नसे. सोळाव्या मजल्याच्या गॅलरीतून नाला दिसत नव्हता, म्हणून तो सारखा खाली जाऊन बघून यायचा. दिवाळीनंतर त्याने फ्लॅट भाड्याने दिला आणि पुन्हा विठ्ठलवाडीच्या त्या चाळीत जायचं ठरवलं. तिथे गाडी दारात उभी राहायची. टपावर मांजर झोपायचं.

इमारतीत यावर पुष्कळ बोलणं झालं. माणूस हट्टी आहे. गाडीपायी एवढा फ्लॅट सोडला. सुमनवहिनींना मी विचारलं तेव्हा त्या भांडी खोक्यात भरत होत्या. "गाडीपायी घर सोडलं म्हणतात ना? म्हणू देत. घर सोडायला कुणी लावलं ते नाही म्हणत कुणी. ह्यांना वर झोप लागत नव्हती भाऊजी. एवढ्या उंच, आणि आपलं माणूस खाली रस्त्यावर."

तो गेला ते त्यानंतरच्या वर्षी. कल्याणला गाडी पासिंगला नेली होती. दुपारी परत आला, चाळीच्या दारात गाडी लावली आणि उतरलाच नाही. रेडिओ ऐकत बसला असेल असं सुमनवहिनींना वाटलं. चहा झाल्यावर त्या बोलवायला गेल्या. गाडी पास झाली होती. कागद पुढे काचेपाशी होता.

सोसायटीच्या मोबाईल ग्रुपवर मी कळवलं. हात जोडलेली चित्रं भराभर आली. दळवींनी लिहिलं, "अतिशय सज्जन माणूस. आम्हा सर्वांचं सामान त्यांनीच हलवलं होतं." त्याखाली पाण्याची टाकी धुण्याची सूचना आली. विठ्ठलवाडीला मी एकटाच गेलो. बाकीच्यांना लांब पडत होतं. ज्या वाटेने त्याने यांची कपाटं वाहिली, ती वाट मधल्या काळात लांब झाली असावी. स्मशानात चाळीतली माणसं होती, गॅरेजवाला होता. आणि एक तिशीचा मनुष्य, जो मला ओळखू आला नाही. त्याने आपण होऊन सांगितलं. "मी रोहन. आमच्या वडलांची गाडी होती ती." वर्तकनगरहून दुसरं कुणी आलं नव्हतं, कल्याणहून हा आला होता.

पण अंता माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या दिवसाचा नाही. तो इमारत सोडून निघाला त्या सकाळचा येतो.

सामान भरण्याआधी त्याने गाडी पुढच्या फाटकासमोर, रस्त्यावर लावली. फाळका खाली सोडला. फाटकावर प्रत्येक घरी बोलायचा फोन असतो. तो पहारेकऱ्याकडून मागून घेऊन त्याने एकेका घरी लावला. मी शेजारी उभा होतो.

"साठे का? अंता बोलतोय. आजींचा पाटा आणलाय खाली... हो, तोच... बरं. बरं."

"कदम वहिनी, तुमचा रगडा... नाही, वर आणून देतो ना मी, लिफ्टमधनं... बरं. असू दे."

दळवींच्या पत्नी म्हणाल्या, आमच्याकडे आता मिक्सर आहे, आणि ओट्याच्या दगडाला ओरखडे पडतील. कुणी म्हणालं, संध्याकाळी बघतो. कुणी म्हणालं, तुम्हीच ठेवा ना काका, तुमच्याकडे छान राहिलाय इतकी वर्षं. साठेआजींचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच कुठेतरी विसर्जन करून टाका ना." अंताने फोन जागेवर ठेवला आणि थोडा वेळ हात त्याच्यावरच ठेवून उभा राहिला.

"विसर्जन करा म्हणतो," तो मला म्हणाला. "आजीच्या पाट्याला हौद्यातल्या जागेचं भाडं लावलं असतं तर धावत न्यायला आला असता."

त्याच्या तोंडून कडू शब्द मी तेवढाच ऐकला.

मग त्याने दगड उतरवायला सुरुवात केली. मी हात लावू लागलो तर म्हणाला, "तुम्ही वहिनींचा घ्या. बाकीचे माझे." एकेक दगड पोटाशी धरून तो आणायचा, फाटकाच्या भिंतीकडेला ठेवायचा, खांद्यावरच्या फडक्याने पुसायचा आणि कुणाचा ते नाव घेऊन सांगायचा. पहारेकऱ्याला, मला, खरं तर कुणालाच नाही. साठे. कदम. दळवी. रगडा खाली ठेवताना त्याला दम लागला. तो चाकाला टेकून बसला, छाती चोळली, उठला. शाळेची बस आली, मुलं दगडांना वळसा घालून चढली. ज्यांची पाचवी त्यांच्यावर पुजली होती ती माणसं मोटारींतून बाहेर पडली. एकदोघांनी काच खाली करून हात केला. "काय अंताकाका, निघालात?"

"निघालो."

सगळे दगड ओळीत लागल्यावर त्याने पोती झटकून घडी केली. रिकामा हौदा मी कित्येक वर्षांनी बघत होतो. तळाच्या पत्र्यावर दगडांच्या आकाराचे स्वच्छ डाग राहिले होते. देव आणि सुमनवहिनी आधीच रिक्षाने पुढे गेल्या होत्या, सामान दुपारच्या खेपेला जायचं होतं. तो केबिनमध्ये चढला, उजवा हात खिडकीबाहेर काढला.

"येतो सर. संध्याकाळी कुणी आलंच न्यायला तर ओळखून द्या. साठ्यांचा कडेला टवका उडालेला आहे."

संध्याकाळी कुणी आलं नाही. दगड पहारेकऱ्याच्या मदतीने मी माझ्या जागेत नेऊन ठेवले, ते अजून तिथेच आहेत. पण ते नंतरचं. तेव्हा मी फाटकात उभा होतो आणि गाडी सुरू झाली. फाटकापुढे सोसायटीने नवा गतिरोधक घातला आहे, पिवळे-काळे पट्टे मारलेला. अंताने वेग अगदी कमी केला, तरी मागची चाकं चढली तशी गाडी उडाली. त्याचं डोकं टपाला लागलेलं मला मागच्या काचेतून दिसलं. त्याने ते चोळलं नाही. पुढे रस्ता खणलेला होता. प्रत्येक खड्ड्यावर रिकामा हौदा खडखडत होता आणि गाडी उड्या मारत, उड्या मारत नाल्याच्या वळणापर्यंत गेली.